खात्रीचं प्रकरण

तत्त्वज्ञानात एम.ए. करायचं असं मी कधीच ठरवलं नव्हतं. मला इंग्रजी साहित्य हवं होतं. इंग्रजीची यादी लागली तेव्हा तिच्यात माझं नाव नव्हतं, आणि खिडकीआडच्या क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "फिलॉसॉफीला जा. तिथं कोणीच नसतं." त्याच्या दृष्टीने तो माझी सोय बघत होता. मीही सोय बघितली आणि गेले.

घरी वडील पुढचे काही दिवस पेपर जरा जास्तच वेळ वाचत बसले. आईने मात्र लगेच होकार दिला, कारण स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि तेवढ्यात मुलगी काहीतरी करत असलेली बरी. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. नाशिकच्या इंदिरानगरात आमच्या गल्लीत निम्मे प्लॉट मोकळे होते आणि निम्म्या बंगल्यांना रंग लागायचा होता, पण बातमी फिरायला त्याची काही अडचण नव्हती. आठवड्याभरात शेजारच्या काकू मुलाची पत्रिका घेऊन आल्या. तत्त्वज्ञान म्हणजे ग्रहताऱ्यांचंच काहीतरी असणार अशी त्यांची समजूत. मी म्हटलं, काकू, हे आम्हाला शिकवत नाहीत. त्या म्हणाल्या, "अजून पहिलंच वर्ष आहे ना, येईल हळूहळू."

वर्ग लायब्ररीमागच्या खोलीत भरायचा. क्लार्कने सांगितलं होतं तितकी काही ती रिकामी नव्हती. माझ्याआधी तिथे एक सुभेदार येऊन बसले होते.

सुभेदारकाका देवळाली कॅम्पला राहायचे. तोफखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे सटाण्याकडचे. डावा कान तोफांनी नेला होता, म्हणून ते उजवा कान मॅडमकडे करून बसायचे. त्यामुळे तोंड कायम खिडकीकडे असायचं आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं की हे गृहस्थ मॅडमवर रुसलेत. मॅडमनी नुसतं नाव घेतलं तरी ते खाडकन उभे राहायचे. मॅडम म्हणायच्या, "बसा हो, वयाने तुम्ही मोठे." ते बसायचे. पुढच्या प्रश्नाला पुन्हा उभे.

मी एकदा त्यांना विचारलं, काका, हे कशाला करताय? ते म्हणाले, "बेटा, सगळी नोकरी हुकूम ऐकण्यात गेली. हुकुमाचं कारण कोणी सांगत नाही. म्हटलं आता कारणं ऐकून बघू." त्यांच्या बायकोने नंतर मला दुसरं कारण सांगितलं. घरी बसले की ते स्वयंपाकघरातल्या डब्यांना उंचीप्रमाणे उभे करायचे.

आमच्या मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. सुती साडी, खांद्याला थर्मास, आणि गाइड नावाच्या वस्तूचा भयंकर राग. माझ्या पिशवीत एकदा गाइड दिसलं तेव्हा त्यांनी ते दोन बोटांनी धरून खिडकीत नेऊन ठेवलं, जसं कोणी घरात आलेलं झुरळ बाहेर ठेवावं. त्यांची पद्धत एकच. मूळ पुस्तक वाचायचं आणि प्रत्येक प्रकरणाला तीन प्रश्न विचारायचे. लेखक काय म्हणतोय? का म्हणतोय? आणि त्याने हे म्हटलंच नसतं तर काय बिघडलं असतं?

तिसऱ्या प्रश्नाला सुभेदारकाकांचं उत्तर ठरलेलं असायचं. ते उभे राहून म्हणायचे, "काही बिघडलं नसतं, मॅडम."

"का बरं?"

"लोक असेच राहिले असते."

मॅडम थर्मासमधून चहा ओतून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हं. आता बसा आणि पुन्हा विचार करा."

असं छान चाललं असताना प्राचार्यांचा निरोप आला. तीन विद्यार्थी नसतील तर वर्ग बंद. मॅडमनी नोटीस बोर्डावर कागद लावला, दुसऱ्या वर्गांतून फिरून आल्या, मीही दोन मैत्रिणींना गळ घातली. कोणी आलं नाही. शेवटी मुदत संपता संपता एक मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बी.कॉम.वाल्याला चालतं का?"

मॅडम म्हणाल्या, "धावतं. आत या."

तो लासलगावचा. वडील तिथल्या मार्केट यार्डात कांद्याचे व्यापारी. एकुलता एक मुलगा, उंच, अंगाने किरकोळ, आणि बोलायला इतका सावकाश की त्याचं वाक्य संपेपर्यंत आपल्याला दोनदा वाटायचं, संपलं. आम्ही त्याला लासलगावच म्हणायचो. तो तत्त्वज्ञानाला का आला हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. लिलाव दुपारचा असतो आणि कॉलेजही दुपारचं होतं.

त्याला लिलावाची धास्ती होती. शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कांदे भरून ओळीने उभ्या असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी जातो, कांदा उचलून बघतो, आणि धडाधड बोली लागते. ज्याची शेवटची बोली, त्याचा माल. हे सगळं एवढ्या झटक्यात होतं की लासलगावला श्वास घ्यायला वेळ मिळायचा नाही. वडिलांनी त्याला बरेचदा सोबत नेलं होतं. तो म्हणायचा, "मी 'ब' म्हणेस्तोवर घोळका पुढच्या ट्रॉलीवर गेलेला असतो."

त्या सत्रात आम्हाला दोन ग्रंथ होते. आधी एका जुन्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचा छोटासा ग्रंथ आणि नंतर एक ग्रीक शोकांतिका. फ्रेंच ग्रंथात लेखक ठरवतो की आपण आजवर खरं मानलेली प्रत्येक गोष्ट एकदा संशयाच्या चाळणीतून घालायची. डोळे फसवतात, कान फसवतात, आपण जागे आहोत की स्वप्नात हेही सांगता येत नाही. मग पुढच्या प्रकरणात तो एक पक्की गोष्ट शोधून काढतो आणि तिच्यावर सगळं परत उभं करतो. मॅडमनी प्रकरणं वाटून दिली. पहिलं, म्हणजे संशयाचं, लासलगावच्या वाट्याला आलं.

तो ते येताजाताना पॅसेंजरमध्ये वाचायचा. एके दिवशी वर्ग सुरू झाला तरी त्याचा पत्ता नाही. सुभेदारकाकाही नाहीत. मी आणि मॅडम एकमेकींकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने काकांची मोपेड आली आणि मागे हा. वाचता वाचता नाशिकरोडला उतरायचंच राहिलं आणि तो थेट देवळालीला जाऊन पोचला होता. काका भाजी घ्यायला स्टेशनाकडे आले होते, त्यांना तो बाकावर बसलेला सापडला. मॅडमनी विचारलं, "उतरला का नाहीत?"

तो म्हणाला, "पाटीवर नाशिकरोड लिहिलं होतं, मॅडम. पण पाटीवर लिहिलंय म्हणून..."

वाक्य त्याने अर्धंच सोडलं. मॅडमच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी नंतर कधी पाहिला नाही. इतकी वर्षं शिकवून पहिल्यांदा कोणालातरी पुस्तक लागलं होतं.

त्याने ते प्रकरण वर्गात मांडलं तेव्हा मॅडमचा चहा गार झाला. हा मुलगा, ज्याला बोली लावायला जमत नव्हतं, तो सलग बोलत राहिला. गाडीत समोर बसलेला माणूस झोपलाय की झोपेचं सोंग घेतोय हे कळायला मार्ग नाही. खळ्यावर, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, वरून कोरडा दिसणारा कांदा आतून कुजलेला असतो, आणि तो कापेपर्यंत चांगलाच असतो. मग कापण्याआधी तो काय असतो? मी नोट्स घ्यायच्या विसरले. सुभेदारकाका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "वा." तिसऱ्या प्रश्नाला त्या दिवशी ते उभेच राहिले नाहीत.

पुढच्या आठवड्यात लासलगावचे वडील रेल्वेच्या वॅगनचं काहीतरी बघायला मनमाडला गेले आणि जाताना मुलाला सांगून गेले, "आजचा लिलाव तू बघ. चांगला माल दिसला की बोलायचं. बस." त्या दिवशी तो कॉलेजला आला नाही. काय घडलं ते आम्हाला नंतर कळलं.

पहिल्या ट्रॉलीपाशी घोळका थांबला. त्यांची पेढी यार्डात जुनी, त्यामुळे पहिली बोली यांची असा रिवाज. लिलाव पुकारणारा म्हणाला, "बोला, छोटे शेठ." छोट्या शेठनी एक कांदा उचलला. फिरवून बघितला. दाबून बघितला. मग नुसतेच बघत राहिले.

"बोला की."

तो म्हणाला, "मला खात्री नाही."

"कशाची?"

"एकूणच."

घोळका एकमेकांकडे बघू लागला. हा मुलगा कधी तोंड उघडत नाही, आणि उघडलं तर हे बोलला. बाप अचानक मनमाडला गेलाय. एक व्यापारी दुसऱ्याच्या कानाशी लागला, दुसरा तिसऱ्याच्या. पुढच्या ट्रॉलीवर कोणी बोलेना. तिसऱ्या ट्रॉलीपर्यंत अख्ख्या यार्डात पसरलं होतं की दिल्लीहून काहीतरी आलंय, निर्यात बंद होणार, आणि या पेढीला आधीच कळलंय. ज्यांनी बोली लावली त्यांनी पार खालून लावली. शेतकरी खवळले, लिलाव थांबला, ट्रॉल्या जागच्या जागी. लोकांनी लासलगावला घेरून विचारलं, खरं काय ते सांग. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "खरं काय ते मलाही माहीत नाही. तेच शोधतोय." त्यावरून सगळ्यांची पक्की खात्री झाली की बातमी फारच मोठी असणार.

वडील मनमाडहून जीपने आले, ट्रॉलीवर चढून उभे राहिले आणि दिल्लीहून काहीही आलेलं नाही असं ओरडून सांगितलं. मग लिलाव सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, आणि मागे हमालाच्या डोक्यावर कांद्याची गोणी. गोणी मॅडमच्या टेबलाशेजारी ठेवायला लावली, खुर्चीच्या कडेवर बसले आणि हात जोडले. लासलगाव भिंतीला टेकून उभा.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही शिकवता ते लय भारी असंल. पण ह्यो पोरगा आता चहासुदिक पीत नाय. म्हणतो, साखर हाय का नाय ते सांगता येत नाय. मी याला घेऊन चाललो."

आमची चिंता निराळीच होती. तो गेला की वर्ग बंद. मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी सुभेदारकाकांकडे, आणि काका त्यांच्या सवयीप्रमाणे खिडकीकडे.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "शेठ, तुमचा मुलगा पुस्तकाच्या मध्यावर आहे. हा लेखक कायमचा संशयात राहत नाही. पुढच्या प्रकरणात त्याला खात्री येते."

"पुढच्या प्रकरणात?"

"हो. एकदम पक्की."

शेठनी एकदा मुलाकडे बघितलं. "आन ते प्रकरण कधी हाय?"

"दिवाळीच्या सुट्टीनंतर."

"नाय जमायचं. दिवाळीच्या तोंडाला यार्डात नवा लाल कांदा सुरू होतो. त्याच्या आधी घ्या."

मॅडमनी उभ्या आयुष्यात अभ्यासक्रम कोणासाठी पुढेमागे केला नव्हता. विद्यापीठाने मागितलं असतं तरी केला नसता. त्यांनी गोणीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "येत्या रविवारी घेते."

रविवारी कॉलेजला कुलूप असायचं. म्हणून तो तास आमच्या घरी ठरला, आणि मी तसं आईला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं की पोहे किती लोकांचे करू. मी म्हटलं तीन. प्रत्यक्षात चार आले. लासलगावच्या मागोमाग त्याचे वडील चपला काढत होते. म्हणाले, "रविवारी यार्डाला सुट्टी असती. म्हटलं खात्री कशी येती ते बघावं."

ते सोफ्यावर मांडी घालून बसले. सुभेदारकाकांनी उजवा कान मॅडमकडे करायला खुर्ची फिरवली, तर त्यांचं तोंड नेमकं स्वयंपाकघराच्या दाराकडे आलं, आणि आईला दोन तास ओट्याशी ताठ उभं राहावं लागलं. माझे वडील पेपर उघडून कोपऱ्यात बसले होते. त्यांनी पान उलटलेलं मला तरी दिसलं नाही.

मॅडमनी खात्रीचं प्रकरण सुरू केलं. सगळ्यावर संशय घ्या, हरकत नाही. पण संशय घ्यायचा तर घेणारा कोणीतरी हवा. तो घेणारा आहे, एवढी एक गोष्ट पक्की. तिच्यापासून सुरुवात करायची. त्यांनी हे इतकं सुंदर समजावलं की पेपरामागून वडील "बरोबर" म्हणाले.

लासलगाव सावकाश म्हणाला, "मॅडम, इथे त्याने घाई केलीय."

"कुठे?"

"संशय आहे, इथपर्यंत ठीक. पण संशय आहे म्हणजे संशय घेणारा एक जण आहे, आणि तो सगळा वेळ तोच आहे, हे त्याने कुठून आणलं? हे त्याने चाळणीतून घातलंच नाही."

मॅडमची फार अडचण झाली. आक्षेप बरोबर होता. मोठमोठ्या लोकांनी तो घेतलेला होता आणि या मुलाने तो पॅसेंजरमध्ये बसून स्वतःच्या डोक्याने काढला होता. शिक्षक म्हणून त्यांना त्याला कडेवर घ्यावंसं वाटत असणार. पण सोफ्यावर बाप बसला होता आणि त्याला खात्री कबूल केलेली होती. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे."

मी शेठकडे बघायचं टाळलं. पण शेठ रागावले नव्हते. ते पुढे सरकून बसले होते.

"मॅडम, मधी बोललो तर चालंल का?"

"बोला ना."

"ह्यो लेखक व्यापारी हाय."

"कसा काय?"

"आधी सगळ्या मालाला नावं ठिवतो. हे खोटं, ते खोटं, यात दम नाय. भाव लय खाली पाडतो. आन सगळे थकले, की हळूच एक गोणी उचलतो आन म्हणतो, एवढी चांगली हाय. आमच्याकडं रोज हेच चालतं."

मॅडम मोकळेपणाने हसल्या. लासलगाव मात्र गंभीर. "पण अण्णा, ती गोणी तरी त्याने उघडून बघायला नको? त्याने घाई केली."

"घाई नाय केली," अण्णा म्हणाले. "संध्याकाळ झाली असंल."

तिथून बापलेक सुरू झाले. संध्याकाळ झाली तरी न बघता माल घ्यायचा का? मग काय रात्रभर ट्रॉलीपाशी बसायचं? उद्या यायचं. उद्या शेतकरी थांबतो का? पोहे आले, गार झाले. सुभेदारकाका मध्ये पडले आणि तोफेचा पहिला गोळा नेम लागावा म्हणून टाकत नाहीत, कुठे पडतो ते बघायला टाकतात, असं काहीतरी सांगू लागले. ऐन भरात ते आपल्या सटाण्याकडच्या भाषेवर गेले. "आते हाऊ गोया कोठे पडना, ते देखनं पडस," असं म्हणून त्यांनी हाताने गोळा फेकला आणि मॅडमच्या थर्मासचं झाकण उडालं.

त्या दिवशी कोणालाच खात्री आली नाही. पण जाताना शेठनी विचारलं, "पुढच्या रविवारी काय हाय?"

पुढच्या रविवारी ग्रीक शोकांतिका होती. ते आले. म्हणाले, नाशकात काम होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाशकात काम निघालं.

शोकांतिकेची कथा मॅडमनी आधी सरळ सांगितली. एक राजा, ज्याच्याबद्दल जन्माच्या वेळीच भयंकर भाकीत झालेलं, की हा बापाला मारणार आणि आईशी लग्न करणार. आईबाप त्याला टाकून देतात, परके लोक त्याला वाढवतात आणि तो परका आहे हे त्याला सांगत नाहीत. ते भाकीत टाळायला तो ज्या वाटेने पळतो त्याच वाटेवर ते त्याला गाठतं. मला या नाटकाचं विश्लेषण लिहायचं होतं आणि मी दैव आणि पुरुषार्थ असा एक भारदस्त मथळा योजून ठेवला होता. सुभेदारकाकांचं मत होतं की राज्याचं माहिती काढणारं खातं अगदी कमजोर होतं, आणि अशा राज्यात असं होणारच. शेजारच्या काकू त्या दिवशी साखर मागायला आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "पण मग आईने ओळखलं कसं नाही?"

शेठनी पोह्यांना हात लावला नाही. चहासुद्धा घेतला नाही. बशी बाजूला सारून म्हणाले, "हे वाईट झालं, मॅडम."

"नाटक आहे शेठ."

"असू द्या. त्या दुसऱ्या आईबापाची चूक. पोराला खरं सांगायला पायजे होतं. मायेपोटीच लपवलं असंल, पण सांगायला पायजे होतं."

त्या दिवशी ते दोघं जीपने परत निघाले. पुढचं लासलगावने आम्हाला सोमवारी वर्गात सांगितलं, नेहमीपेक्षाही सावकाश. निफाड मागे पडल्यावर अण्णांनी जीप कडेला घेतली होती. समोर रस्त्याकडे बघत म्हणाले होते, "तुला एक सांगायचं राहिलं. मलाबी कधी खात्री नसती. तुझ्या आज्याला होती का नाय माहीत नाय. मी सगळं अंदाजानं बोलतो. तुला वाटत असंल, बापाला सगळं कळतं आन आपल्यालाच कळत नाय. तसं नाय ते." मग त्यांनी जीप सुरू केली.

हे ऐकून मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. आता खिडकीबाहेर बघणारे दोघं झाले होते. त्या दिवशी तीन प्रश्न कोणी विचारले नाहीत.

लाल कांदा सुरू झाला तेव्हा लासलगाव आपणहून लिलावाला उभा राहू लागला. कॉलेज नसलेल्या दिवशी, सुट्टीत, कधी वडिलांच्या शेजारी, कधी एकटा. झटपट तो कधीच झाला नाही. कांदा हातात घेतला की घोळक्याला म्हणायचा, "थांबा." यार्डात त्याचं नावच पडलं, थांबाशेठ. त्याच्यामुळे लिलाव रेंगाळतो अशी कुरकुर व्हायची, पण शेतकऱ्यांची त्यावर काही तक्रार नव्हती. निदान कोणीतरी माल नीट बघतं, असं ते म्हणायचे.

परीक्षेत मला चांगले मार्क मिळाले. दैव आणि पुरुषार्थ असा मथळा असला की मार्क मिळतात. लासलगावला बेताचे मिळाले, कारण तीन तासांत त्याचे दोनच प्रश्न सोडवून व्हायचे. सुभेदारकाका एका पेपरात नापास झाले. ग्रंथाचे महत्त्व विशद करा, या प्रश्नाला त्यांनी एका ओळीत उत्तर लिहिलं होतं आणि बाकीचं पान कोरं सोडलं होतं. पुढच्या वेळी मॅडमनी त्यांना समोर बसवून सांगितलं की परीक्षक हा वरिष्ठ अधिकारी समजा. मग त्यांनी चार पानं लिहिली आणि पास झाले. कॅम्पात त्यांनी पेढे वाटले. बायकोने मला दारातच धरून विचारलं, "याच्या पुढं अजून काही शिक्षण असतं का गं?" मी पीएच.डी.चं सांगितलं तर तिच्या जिवात जीव आला.

आमची बॅच बाहेर पडली आणि मॅडम निवृत्त झाल्या. वर्ग त्यानंतर टिकला नाही. त्या खोलीत पुढे संगणक आले.

लग्न होऊन मी नाशिकातच राहिले. दोन हजार सालानंतर, मुलगी अगदी लहान असताना, आम्ही एकदा नात्यातल्या लग्नासाठी येवल्याला चाललो होतो. लासलगावला गाडी थांबवून मी पेढीवर गेले. मुलगा लिलावात होता. अण्णा गादीवर बसले होते, डोळ्यांना जाड चष्मा, आवाज तोच. मला ओळखून त्यांनी चहा मागवला, मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि माझ्या नवऱ्याला जागा करून दिली.

मग मला विचारलं, "सध्या काय वाचताय, ताई?"

मी म्हटलं, मुलगी लहान आहे, काही होत नाही वाचणं.

"आमचं चाललंय," ते म्हणाले. "रशियाची कादंबरी हाय. ही एवढी जाड. मला आता बारीक अक्षर दिसत नाय, पोरगा जेवणं झाली की वाचून दाखवतो. तीन महिने झाले, पुढंच सरकंना."

"का, भांडता का?"

"भांडण तर हायेच. पण त्यात नावं लय, ताई. एका माणसाला तीन-तीन नावं. ह्याला घरी एक हाक मारतात, बाहेर दुसरी, आन लेखक तिसरीच लिहितो. मग मी त्यांची वाटणी करून टाकली. म्हातारा जमीनदार तो विंचूरचा, ते दोन भाऊ नांदूरचे, आन ती जी बाई सारखी रडती ती पिंपळगावची. आता बरोबर लक्षात राहतं."

माझ्या नवऱ्याने विचारलं, "मग पुढे काय होतं त्या पिंपळगावच्या बाईचं?"

अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. म्हणाले, "बसा ना, सांगतो. अजून लिलाव संपायला वेळ हाय."

येवल्याचं लग्न लागताना आम्हाला मिळालं नाही. पंगतीला मात्र वेळेवर पोचलो.